हिरव्या टाक्यांची पिशवी

१

मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरात एक मैत्री मारली गेली. मारणारा घरातलाच होता आणि रक्त कुठे सांडलं नव्हतं, म्हणून पोलिसांना बोलवता आलं नाही. मला बोलावलं.

तसं कुणी बोलावलं नाही, खरं सांगायचं तर. मीच गेले.

माझी नात पंधरा वर्षांची. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण घरातला कागदाचा कपटा ती खारीसारखा पळवते आणि साठवते. त्या कपट्यांची ती काडेपेटीएवढी पुस्तकं शिवते. उघडतात, मिटतात, आत चित्रं असतात. त्यांचे व्हिडिओ ती मोबाइलवर टाकते आणि चार हजार माणसं ते बघतात. मी बाहेर चार लाख सांगते. चार हजार म्हटलं की बायका नुसती मान हलवतात आणि गुडघ्यांचा विषय काढतात.

तिथेच तिला दुसऱ्या गावच्या एक बाई भेटल्या. हाताने कागद बनवतात, पुस्तकं बांधतात, मुलांना शिकवतात. त्यांनी खारूला सुट्टीतल्या दहा दिवसांच्या वर्गात जागा देऊ केली होती. एकच जागा उरलेली. खारू दोन आठवडे जमिनीवरून चालत नव्हती.

आणि मंगळवारी शाळेतून येऊन बघते तर तिच्याच खात्यावरून, तिच्याच नावाने, त्या बाईंना मेसेज गेलेला. ‘यापुढे मला लिहू नका. मला शिकवायला घरात माणसं आहेत.’ वर त्यांना ब्लॉकही केलेलं.

खारूने ब्लॉक काढलं, हातापाया पडून माफी मागितली. बाईंचं उत्तर आलं ते तिने आम्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ‘तू लिहिलं नाहीस हे मानते. पण घरात कुणाला तरी मी नको आहे. अशा घरातली मुलगी मी नेणार नाही. ज्याने लिहिलं त्याने मला स्वतः सांगावं. शनिवार दुपारपर्यंत जागा ठेवते.’

आता घरातली माणसं मोजून पाच. खारू, तिची आई म्हणजे माझी सून, तिचा बाप म्हणजे माझा मुलगा, कॉलेजसाठी आमच्याकडे राहणारी तिची मावसबहीण मिरची, आणि मी.

खारूने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि आईवर येऊन थांबली.

“तूच केलंस. दुसऱ्या कुणाला जमणारच नाही.” मग ती अगदी हळू बोलली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “शनिवारपर्यंत कळलं नाही ना, तर हे खातं मी बंद करीन आणि दुसरं उघडीन. ते तुमच्यापैकी कुणाला सापडणार नाही.”

सुनेच्या हातातली कात्री टेबलावर पडली. तिला खातं गेल्याचं काही नव्हतं. न सापडणाऱ्या खात्याची तिला भीती होती.

२

दुसऱ्याला का जमणार नाही, ते सांगते.

खातं उघडलं तेव्हाच मायलेकींचा करार झाला होता. सून शिंपीण आहे, पुढच्या खोलीत तिचं दुकान. ती मापाशिवाय काही करत नाही, काळजीसुद्धा. दर रविवारी चहानंतर वीस मिनिटं खारूने मोबाइल टेबलावर ठेवायचा आणि स्वतः सगळं दाखवायचं. कोण नवीन आलं, कुणी काय लिहिलं. एरवी कुणी डोकवायचं नाही. आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कापडी पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड खारूने स्वतः हिरव्या दोऱ्याने शिवायचं, पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला. पोरीवर संकट आलं, पोर घरी आली नाही, तरच उसवायची.

खारूने पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता. ॲपने तिला कळवलं होतं की मंगळवारी सकाळी सव्वादहाला कुणीतरी दुसऱ्या फोनवरून तिच्या खात्यात आलं. मेसेज गेला सव्वाअकराला. म्हणजे पासवर्ड पिशवीतूनच गेला. आणि पिशवी तर शिवलेली.

गुरुवारी सकाळी मी ती खिळ्यावरून काढली. हिरवे टाके जागच्या जागी. एकसारखे, मोजून घातल्यासारखे सरळ. पोरीचा हात चांगला बसलाय, मला कौतुक वाटलं. टाक्यांवरून नख फिरवलं तर काहीतरी चिकट लागलं. स्वयंपाकघरातली वस्तू, दुसरं काय लागणार.

सून दुकानात कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत बसली होती. मी समोरच्या स्टुलावर बसले.

“आई, तुम्ही पण तेच विचारायला आलात ना?”

“मी बसायला आले. पाय दुखतायत. मंगळवारी सकाळी कुठे होतीस?”

ती हसली, पण दोरा तुटल्यासारखं. “इथेच. दहापासून बारापर्यंत तीन गिऱ्हाइकं. मधे आत जाऊन उसवून, परत शिवून येणं मला अवघड नाही. खारू म्हणते ते बरोबर आहे. मी शिवलेलं उसवलं होतं हे कुणाला कळणार नाही.”

“मग?”

“मग काय. हेवा वाटतो मला त्या बाईंचा, खोटं कशाला बोलू. माझ्यासमोर ती वीस मिनिटं बसते आणि बावीस वेळा घड्याळ बघते. त्यांच्याशी बोलताना दूध उतू गेलं तरी कळत नाही तिला.” तिने बाही झटकली. “पण मी त्यांच्याशी व्हिडिओवर दोनदा बोलले. वर्ग बघितला, गेल्या वर्षीच्या दोन मुलींच्या आयांशी बोलले. दहा दिवस मी स्वतः बरोबर जाणार होते. मला नको असतं तर तोंडावर नाही म्हटलं असतं. मला चोरून ‘नाही’ म्हणायची काय गरज?”

हे मला पटलं. माझ्या सुनेने आजवर मला एकही ‘नाही’ चोरून म्हटलेलं नाही.

“माझा संशय वेगळ्याच माणसावर आहे,” ती म्हणाली आणि मापांची वही उलटीकडून उघडली. तिथे तिने दर रविवारच्या नोंदी ठेवल्या होत्या. एका नावाखाली लाल रेघा. “हा बघा. स्वतःला निवृत्त खलाशी म्हणवतो. फोटो नाही, स्वतःचं काही टाकत नाही. खारूने व्हिडिओ टाकला की दोन मिनिटांत हजर. ‘जेवलीस का’ विचारतो. ‘थंडी आहे, कान झाक’ म्हणतो. सांगा, परक्या पुरुषाने पंधरा वर्षांच्या मुलीला कान झाक कशाला म्हणायचं? यानेच काहीतरी युक्तीने पासवर्ड काढला. शनिवारी मी सायबर पोलिसांकडे जाणार आहे.”

मी पदराने कपाळ पुसलं. दुकानात पंखा होता, तरी पुसलं.

कारण तो निवृत्त खलाशी म्हणजे मी.

३

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीने हे काय केलं.

मिरची येण्याआधी खारू रोज माझ्या पलंगावर पाय पसरून बसायची. मी गोष्टी सांगायचे. देवमाशाच्या पोटात शिवणयंत्र सापडलं होतं आणि ते चालू होतं, ही तिची आवडती. मग मिरची आली. दोघींची एक खोली झाली, दाराला आतून कडी लागायला लागली, आणि आतून हसण्याचे आवाज यायचे. मी दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. पाणी प्यायला गेल्यासारखं करायचे. दिवसाला मी इतकं पाणी पीत होते की डॉक्टरांनी साखर तपासली.

मग मी समुद्रावर गेले. मोबाइलमधूनच.

पण पासवर्ड मला ठाऊक नव्हता, आणि मंगळवारी सकाळी मी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडले होते. म्हणजे हे खलाशाचं काम नाही, हे मला नक्की माहीत होतं. हे इतर कुणाला सांगायचं तर खलाशी बुडवावा लागणार होता.

मिरची जिन्यावर नखं रंगवत बसली होती. तिच्या शर्टाचं बटण तुटलेलं, तिथे टाचणी.

“हे बटण कधी लावणार?”

“लावायला येत असतं तर टाचणी कशाला लावली असती, आजी? मावशीला सांगायची लाज वाटते. तिचं दुकान, आणि भाची अशी.”

“खारूच्या खात्याबद्दल काय वाटतं तुला?”

तिने नखावर फुंकर मारली. “खरं सांगू? जळते मी. केसांच्या वेण्यांचे व्हिडिओ टाकते मी, दोन वर्षं झाली. दोनशे बारा लोक बघतात, त्यात एक आमचे दूधवाले आहेत. ही काडेपेट्या शिवते आणि चार हजार. गेल्या महिन्यात रागाने हिला बघायचंच बंद केलं.”

“मग?”

“चार दिवसांनी परत सुरू केलं. नवीन पुस्तक बघायचं राहिलं होतं ना.” ती जरा थांबली. “पण मंगळवारी माझी परीक्षा होती. फोन दारात टोपलीत ठेवून आत सोडतात. साडेबाराला मिळाला.”

“सोमवारी काही झालं होतं का घरात?”

“काहीच नाही. संध्याकाळी चहाला खारूने सगळ्यांना त्या बाईंचा व्हिडिओ दाखवला. त्या पुस्तक कसं शिवतात तो. तुम्ही झोपला होतात. मावशी म्हणाली छान. मी म्हटलं भारी. काका कप घेऊन खाली कामाला गेले.”

“तो काय म्हणाला?”

मिरचीने आठवून बघितलं. ब्रश हवेत तसाच राहिला. “काहीच नाही म्हणाले.”

४

मुलाचा कारखाना खाली. कारखाना आपला मी म्हणते. एक लांब टेबल, एक लोखंडी दाबयंत्र, खळीचा डबा आणि बांधायला आलेली जुनी पुस्तकं. तेवीस वर्षं तो पुस्तकं बांधतोय. त्याने बांधलेलं एक पुस्तक पुरात वाहून गेलं होतं, सात मैलांवर सापडलं, आणि एक पान सुटलं नव्हतं. खरं तर दोन मैल होते. पण पान खरंच सुटलं नव्हतं.

टेबलाजवळ एक बुटकं स्टूल आहे. खारू पाच वर्षांची असल्यापासून त्यावर बसायची, बापाचा हात बघत. काडेपेटीची पुस्तकं तिथेच सुरू झाली. आता स्टुलावर पुठ्ठ्यांची थप्पी होती. धूळ बसलेली.

“आई, तू जिना कशाला उतरलीस?”

“घरात सगळे गप्प आहेत. इथे निदान तुझं यंत्र तरी कुरकुरतं.”

तो काम थांबवत नाही. पानांचा गठ्ठा घेतला, पट्टी ठेवली, आरीने घडीवर सारख्या अंतराने पाच भोकं पाडली. मग दोरा उचलला, मेणाच्या गोळ्यावरून दोनदा सर्रकन ओढला आणि सुईत ओवला. हे सगळं माझ्याकडे बघत. त्याच्या हातांना डोळ्यांची गरज नाही.

“मंगळवारी सकाळी कुठे होतास?”

“इथेच. आणखी कुठे जातो मी?”

“वर आला नव्हतास?”

“चहा घ्यायला आलो असेन. लक्षात नाही.”

“त्या बाईंचा हेवा नाही वाटत तुला? तुझ्या बायकोला वाटतो. मिरचीला खारूचा वाटतो.”

“मला कशाला कुणाचा हेवा?” सुई भोकातून गेली. “पोर शिकतेय. चांगलं आहे. त्या बाई नवीन पद्धतीने शिवतात. दिसायला बरं दिसतं.” त्याने दोरा ओढला, जरा जास्तच. पान फाटलं. तेवीस वर्षांत मी त्याच्या हातून पान फाटलेलं बघितलं नव्हतं. “तो खलाशी शोधा. सगळं त्यानेच केलं असणार.”

मी जिना चढायला लागले. पाचव्या पायरीवर दम लागला म्हणून थांबले, घाम पुसायला हात वर केला, आणि माझं बोट नाकापाशी आलं. सकाळी पिशवीवरून फिरवलेलं तेच बोट. नखात अजून काहीतरी होतं.

मी वास घेतला आणि तिथेच पायरीवर बसले.

५

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. मधोमध पिशवी ठेवली. खारू माझ्या शेजारी, आईपासून सगळ्यात लांब. तिचे डोळे सुजलेले.

“वेळ कशाला घालवतेस?” मुलगा म्हणाला. “हिने नंबर काढून ठेवलाय. त्या खलाशाची तक्रार करून टाकू. त्याला पकडलं की बाईंनाही कळेल घरातलं कुणी नव्हतं.”

सून फोन उचलत होती. मला आणखी दोन मिनिटं शूर व्हायला हवी होती, ती मिळाली नाहीत.

“फोन ठेव,” मी म्हटलं. “खलाशाला पासवर्ड माहीत नव्हता.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मला माहीत असणारच. तो मंगळवारी दातांच्या डॉक्टरकडे होता.”

सून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मापांची वही उघडली, लाल रेघा बघितल्या, परत माझ्याकडे बघितलं. “कान झाक,” ती म्हणाली. “आई. सहा आठवडे मी रात्री नीट झोपले नाहीये.”

“मला शिक्षा नंतर कर. आधी पिशवी बघ. शिंपिणीच्या डोळ्यांनी.”

ती रागाने लाल झाली होती, पण कापड हातात आलं की तिचा राग बाजूला बसतो. तिने पिशवी उजेडात धरली. आणि भुवया चढल्या. “हे खारूने नाही शिवलेलं. ती घाईत शिवते, टाके नाचतात तिचे. हे पट्टी लावल्यासारखे आहेत.” तिने नखाने टाका बाजूला केला. “आणि हे काय? भोकं सुईपेक्षा मोठी आहेत. आधी भोकं पाडून मग दोरा घातलाय. कापडाला कुणी भोकं पाडतं का? सुई असते कशाला?”

“वास घे.”

तिने घेतला. पिशवी मिरचीकडे गेली. मिरचीने हुंगली, तिचं तोंड उघडलं आणि तिने ते मिटून घेतलं. खारूला हुंगायची गरजच पडली नाही. दहा वर्षं ती त्या वासात बसली होती.

“मेण,” ती म्हणाली. “बाबा.”

माझ्या मुलाने हात टेबलाखाली घेतले. एवढा मोठा माणूस, पण लहानपणी बरणी फोडली तेव्हा असाच बसला होता.

“तुझ्याच सुरक्षेसाठी बघत होतो,” तो म्हणाला. “परकी बाई. कोण, कुठली.”

“ते मी बघितलं होतं,” सून म्हणाली. “तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही हं म्हणालात.”

मग तो बोलला, पिशवीकडे बघून.

“सोमवारी तो व्हिडिओ बघताना तुझा चेहरा बघितला मी. माझ्या स्टुलावर बसून तू तशी बघायचीस. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामात होते. वर आलो. पिशवी उसवली. म्हटलं, एकदा बघू दे काय बोलतात. तू त्यांना लिहिलं होतंस, ‘बाबांचे टाके जुन्या पद्धतीचे आहेत.’ फोन उलटा ठेवून तासभर बसलो. मग लिहिलं ते. मग हिरवा दोरा घेऊन पिशवी खाली नेली, शिवायला घेतली, आणि हात आपले नेहमीसारखे चालले. मेणाकडे गेले असतील. मला कळलंही नाही.”

खारू उठली. मला वाटलं निघून जाते. ती मोबाइल घेऊन बापाजवळ गेली, काहीतरी शोधलं आणि त्याच्यासमोर धरलं.

“पुढचं वाचलंस?”

“नाही.”

“वाच.”

त्याने चष्मा वर सरकवला. आम्ही सगळे वाट बघत होतो, तर तो मनातच वाचत बसला. शेवटी मिरचीने त्याच्या खांद्यावरून मोठ्याने वाचलं.

“‘बाबांचे टाके जुन्या पद्धतीचे आहेत. तेवढे सरळ टाके मला अजून जमत नाहीत. तुमच्याकडे शिकून आले की आधी त्यांना दाखवीन.’”

६

बाईंना मेसेज लिहायला त्याला चाळीस मिनिटं लागली. एका बोटाने. कुणाला बघू देईना. पाठवल्यावर मात्र खारूने बघितला आणि मला सांगितला. ‘मी तिचा बाप. मीच लिहिलं होतं. तुमच्यात काही खोट नाही. मला हेवा वाटला. तिला शिकवा. तुम्ही कसं शिवता ते मलाही बघायचं आहे.’

अकरा वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. ‘जागा तिचीच. शेवटच्या दिवशी पालकांनी यायचं असतं. येताना तुमचं मेण घेऊन या, इथे चांगलं मिळत नाही.’

पण त्याची एवढ्यावर सुटका होत नाही, हे सुनेने त्याच दिवशी स्पष्ट केलं. महिनाभर तो पिशवीच्या खिळ्याजवळ एकटा उभा राहणार नाही. आणि खारूशी तिचं एक बोलणं झालं, दार लावून, बराच वेळ. काय झालं मला माहीत नाही. मी पाणी प्यायला गेले होते, पण त्या दोघी फारच हळू बोलत होत्या. बाहेर आल्या तेव्हा खारूने आईचा हात धरला होता आणि न सापडणाऱ्या खात्याचं नाव परत निघालं नाही.

संध्याकाळी खारूने नवा पासवर्ड लिहिला, चिठ्ठी पिशवीत घातली आणि पिशवी घेऊन खाली गेली. स्टुलावरची पुठ्ठ्यांची थप्पी उचलून जमिनीवर ठेवली आणि बसली.

“तू शीव,” तिने बापाला सांगितलं. “तुझे टाके मला लगेच ओळखू येतात. दुसऱ्या कुणी उसवली तर कळेल.”

त्याने आरी उचलली, मेण ओढलं. यंत्र कुरकुरलं नाही, तरी मला कारखाना चालू झाल्यासारखा वाटला. मी पाचव्या पायरीवर होते.

ती वर येताना माझ्याजवळ थांबली.

“खलाशीबुवा, सरका.”

मी सरकले. “रागावलीस?”

“मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. देवमाशाच्या पोटात शिवणयंत्र सापडलेला दुसरा माणूस जगात असेल का?”

“मग आईला सांगितलं का नाहीस? ती सहा आठवडे झोपली नाही.”

“ते चुकलंच. तिला सांगितलं मी मघाशी.” तिने पाय पसरले, माझ्या पलंगावर पसरायची तसे. “पण मी सांगितलं असतं तर तू येणं बंद केलं असतंस. खोलीत तर येतच नव्हतीस.”

“कडी असते.”

“वाजवायची.”

आता दर रविवारी चहानंतर टेबलावर दोन मोबाइल असतात. आधी माझा. सून वही उघडते, चष्मा लावते आणि वीस मिनिटं मोजून तपासते की मी कुणाला काय लिहिलं. खारू शेजारी बसून मध्येच विचारते, आजी, हे मुंगळ्याने जहाज ओढल्याचं काय आहे. मी घड्याळाकडे बघते.

वीस मिनिटं फार पटकन संपतात.